टेल इट टू द मरीन्स

पोर्ट्समथच्या गोदीलगत राहताना जे इंग्रजी कानांवर पडते, त्यात जहाजावरची बोली चांगलीच मुरलेली आहे. बॉयलर दुरुस्त करणारा दुपारपर्यंत नक्की येणार असल्याचे मी शेजारच्या निवृत्त नौसैनिक आजोबांना सांगितले, तेव्हा चहाचा मग तोंडाशी नेत त्यांनी "टेल इट टू द मरीन्स" एवढेच म्हटले. थापा मारायच्या असतील तर त्या मरीन्सना मारा, असा त्याचा भाव.

मरीन म्हणजे युद्धनौकेवर नेमलेला पायदळी शिपाई. शिडे, दोर आणि वारा यांचे ज्ञान खलाशाचे. लाल डगल्यातला मरीन पहारा देई, लढे आणि खलाशांनी बंड केल्यास अधिकाऱ्यांचे रक्षण करी. असा पाहुणा खलाशांना आवडणे शक्यच नव्हते. समुद्राची लोणकढी थाप त्याला खुशाल पचते, आम्हाला नाही, ही त्यांची कुचेष्टा होती. कवी बायरनने 1823 मध्येच ही म्हण जुनी असल्याचे नोंदवून ठेवले आहे.

पुढे मात्र या म्हणीला एक राजेशाही जन्मकथा चिकटली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला नौदलाचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युअल पेपिसने उडणाऱ्या माशांची हकिकत सांगितली, दरबारी हसले, पण मरीन्सच्या एका अधिकाऱ्याने आपणही ते मासे पाहिल्याचे सांगितले. तेव्हा, यापुढे संशय आला की गोष्ट आधी मरीन्सना सांगावी, कारण जगभर फिरलेले तेच, असे राजा म्हणाला. कथा नामी आहे, पण पेपिसच्या प्रसिद्ध रोजनिशीत तिचा मागमूस नाही. डब्ल्यू. पी. ड्रुरी या मरीन्सच्याच अधिकाऱ्याने 1904 मध्ये ती रचली आणि आपण गंमत केल्याचे नंतर स्वतःच कबूल केले. अविश्वासाच्या म्हणीची ही बनावट वंशावळ लोकांनी निमूटपणे स्वीकारली, हे मला म्हणीपेक्षाही मजेदार वाटते.

अमेरिकेत तर टोमण्याचे आव्हान झाले. जेम्स माँटगोमेरी फ्लॅगच्या पहिल्या महायुद्धातील भित्तिचित्रात, जर्मन अत्याचारांची बातमी छापलेले वर्तमानपत्र पायाशी पडले आहे आणि संतापलेला तरुण कोट उतरवतो आहे. वर जवळजवळ हेच शब्द आहेत: "टेल दॅट टू द मरीन्स". शत्रू आपल्याला दुबळ्यांचे राष्ट्र म्हणतात, त्यांनी ते मरीन्सना सांगून पाहावे, असे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट फेब्रुवारी 1942 मध्ये रेडिओवरून म्हणाले, तेही याच अर्थाने.