आत्याची गप्पी, माझे एंजल आणि जोडीचा घोळ

आमच्या घरी मासे आले ते पुरानं आले, म्हणजे अगदी खरोखर. 2019 चा ऑगस्ट, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलेलं, गावभागात आत्याच्या घरात शिरलं आणि ती आमच्याकडं विश्रामबागला राहायला आली. एका पिशवीत घराची कागदपत्रं, बीपीच्या गोळ्या, दोन साड्या आणि दुसऱ्या हातात भडंगाची प्लॅस्टिकची बरणी. मला वाटलं भडंगच आणलंय बिचारीनं अशा टायमाला पण. तर आत पाणी आणि एक करड्या रंगाचा मासा. डास होऊ नयेत म्हणून आरोग्यवाले हौदात गप्पी मासे सोडतात ना, त्यातला. निघताना वाटीत आला म्हणे, टाकून यायला जीव होईना.

पूर ओसरला, आत्या घर धुवायला परत गेली, बरणी आमच्याकडंच राहिली. आणि एक दिवस सकाळी चहा घेता घेता बघतोय तर बरणीच्या तळाशी जिऱ्याएवढं काहीतरी वळवळतंय आणि प्रत्येकाला दोन काळे डोळे. सतरा मोजली, आईनं त्याआधी किती गिळली होती ते तिलाच ठाऊक, कारण गप्पी स्वतःची पोरं खाते. आत्याला फोन केला तर ती थोडा वेळ गप्प आणि मग, "अरे पण नवऱ्याचा पत्ता नाही, बाळंत झालीच कशी ही?"

तर त्याचं असं आहे की गप्पीची मादी एकदा नराबरोबर राहिली की त्याचं बीज पोटात साठवून ठेवते आणि पुढं कित्येक महिने नर नसला तरी त्यावर पिल्लं देत राहते. साधारण 4 आठवड्यांनी एक खेप, आणि अंडी नाहीत, डायरेक्ट पोहणारी पिल्लं. म्हणजे आत्याच्या हौदातला कारभार बरणीत चालू राहिलेला. पोटाच्या मागच्या बाजूला काळपट डाग असतो तो बाळंतपण जवळ आलं की गडद होतो, हे मला नंतर कळलं, तोवर मी त्याला घाण लागलीय समजत होतो.

इथनं मला नर-मादी ओळखायचं खूळ लागलं. गप्पीत सोपंय. नर बारका, अडीच-तीन सेंटीमीटरचा, शेपटी रंगीत. मादी त्याच्या दुप्पट, पोटाळी, रंग फिका. पण दुकानातल्या फॅन्सी गप्पीत मादीच्या शेपटीलाही रंग असतो, मग रंगावर जाऊ नका, पोटाखाली बघा. शेपटीच्या अलीकडं खाली जे फिन, म्हणजे पर, असतं ते मादीचं पंख्यासारखं पसरट आणि नराचं आगपेटीच्या काडीसारखं बारीक, मागं वळलेलं. त्याला गोनोपोडियम म्हणतात. ब्लॅक मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल, पिल्लं देणाऱ्या या सगळ्यांना हीच खूण चालते. स्वोर्डटेलच्या नराला शिवाय शेपटीची तलवार असते, आता काही नरांना ती लई उशिरा फुटते आणि मग लोक म्हणतात आमच्या मादीचा नर झाला. बहुतेक वेळा तो आधीपासनं नरच असतो, फक्त वयात उशिरा आलेला. आणि एक, नर कमी ठेवा, एकाला दोन-तीन माद्या, नाहीतर ते मादीला जेवूसुद्धा देत नाहीत, दिवसभर मागं मागं.

गोल्डफिशनं मात्र माझा पार पोपट केला. दोन वर्षं होते माझ्याकडं, एका थंडीनंतर मोठ्याच्या गालावर, म्हणजे कल्ल्याच्या झाकणावर, पांढरे बारीक ठिपके. रव्यासारखे. मी घाबरलो, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असतो एक, झपाट्यानं पसरतो. लगेच निळं औषध ओतलं, टँकचं पाणी शाईसारखं, काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन निळं झालं ते आजपण निळंच आहे, आणि ठिपके जागचे हलले नाहीत. हलणार कसे, ते रोगाचे नव्हतेच. गोल्डफिशचा नर हंगामात आला की त्याच्या गालावर आणि छातीशी असलेल्या फिनच्या पुढच्या काडीवर असे खरखरीत पुटकुळे येतात. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर, कुठंही उगवतात, हे फक्त ठरलेल्या जागी. जवान पोराला दाढी फुटली आणि मी त्याला डॉक्टरकडं नेला, असा प्रकार. मादीला वरून बघायचं, टँकच्या वर मान घालून. अंडी भरली की ती फुगते आणि बऱ्याचदा एका बाजूला जास्त फुगते.

फायटर माशात लांब झुपकेदार फिनवाला नर हे सगळ्यांना माहितीय, पण आखूड फिनचे नरपण येतात, प्लाकाट म्हणतात त्यांना, आणि ते मादी म्हणून खपवले जातात. मादीच्या पोटाखाली पांढरा मिठाच्या खड्याएवढा ठिपका दिसतो, तो बघून घ्या. तोही कधीकधी लहान नरांना दिसतो, त्यामुळं पैजा लावू नका.

आता मेन दुःख. एंजल मासे. एका दुकानातनं मी एंजलची "गॅरंटी जोडी" आणली, साध्या एंजलपेक्षा जोडीला तिप्पट पैसे. दुकानदार म्हणाला, कपाळ फुगीर तो नर आणि सपाट ती मादी, बघा की साहेब स्पष्ट दिसतंय. मला काय स्पष्ट दिसलं नाही पण मान हलवली. एंजलचं हे कपाळाचं गणित तितकं पक्कं नाही, खाऊन पिऊन मस्त असलेल्या मादीचं पण कपाळ भरतं.

दोन महिन्यांत त्यांनी जागा ठरवली, फिल्टरचा पाइप. दोघं मिळून तोंडानं पाइप घासायला लागले, जवळ आलेल्या मोलीला पिटाळायला लागले, आणि एका संध्याकाळी अंडी. ओळीत, दाण्याला दाणा लावून. मी बायकोला हाक मारली, शेजाऱ्यांना बोलावलं, आत्याला व्हिडिओ कॉल. दोघं आळीपाळीनं फिननं वारा घालत होते अंड्यांना, बघत बसावं असं. पण दुसऱ्या दिवशी अर्धी अंडी पांढरी आणि तिसऱ्या दिवशी सगळीच, वर कापसासारखी बुरशी. पंधरा दिवसांनी परत तेच, तिसऱ्या वेळी मी टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसलो.

एंजलची खरी खूण फक्त अंडी घालायच्या आसपास, एक-दोन दिवस दिसते. पोटाखाली एक बारीक नळी बाहेर येते, नराची टोकदार आणि सडपातळ, मादीची जाड आणि बोथट. माझ्या दोघांच्या नळ्या बघितल्या. दोन्ही जाड, दोन्ही बोथट, आणि अंडी आधी एकीनं घातली, मागोमाग दुसरीनं. दोन माद्या! नर मिळाला नाही की एंजलच्या माद्या एकमेकींशी जोडी जमवतात, घर करतात, पहारा देतात, सगळं करतात, फक्त अंड्यात जीव येत नाही.

आत्याला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. "माझी एकटी सतरा देऊन मोकळी झाली आणि तुझ्या दोघी मिळून बुरशी काढतायत." मी तिला समुद्रातल्या क्लाउनफिशचं पण सांगितलं, ते सगळे नर म्हणूनच जन्मतात, कळपात सगळ्यात मोठा असतो तो मादी होतो, आणि ती मेली की तिचा नवराच पुढची मादी बनतो. आत्या म्हणाली, "म्हणजे सासू गेली की सासरा सासू? ठेव फोन."

दुकानदाराशी भांडलो नाही, त्यालाही कळत नसणार. दुसरीकडनं, मिरजेतनं, रुपयाच्या नाण्याएवढी सहा एंजल पिल्लं आणली, सहात नर-मादी दोन्ही निघायचा चान्स बराच आणि जोडी ते आपली आपण ठरवतात. दहा महिने झाले. त्यातल्या दोघांनी परवापासनं पाइप घासायला घेतलाय आणि बाकीच्या चौघांना कोपऱ्यात कोंडलंय. टॉर्चचे सेल बदललेत.