रिकामं बसलं की हँग होणारं मशीन

रात्रभर रेंडर लावला तर सकाळी चित्र तयार आणि मशीन ठणठणीत. तेच मशीन एखादं ड्रॉइंग उघडून नुसतं ठेवलं की हँग. माझ्याकडे आलं तोवर त्याच्यावर बरेच उपचार झाले होते. विंडोज पुन्हा टाकून झालं होतं, रॅम बदलली होती, प्रोसेसरला नवी पेस्ट लावली होती, ग्राफिक कार्डही दुसरं लावून बघितलं होतं. कॅबिनेटवर आधीच्या माणसाने चिठ्ठी चिकटवली होती: 'चार तास फुल लोड टेस्ट, ओके.'

या चिठ्ठीचा मला मनापासून राग आहे. मशीन कशाने बंद पडतं हे न विचारता त्याला चार तास पळवायचं, पळालं की 'ओके' लिहून परत द्यायचं. आणि नाहीच काही सुचलं तर फॉरमॅट मारायचा.

मशीनची मालकीण आर्किटेक्ट. बहुतेक लोक 'मी काहीच केलं नाही, आपोआप झालं' यापलीकडे काही सांगत नाहीत. मॅडमनी वही ठेवली होती. दर वेळी तारीख, वेळ आणि त्या वेळी त्या काय करत होत्या ते लिहिलेलं. 'फोनवर बोलत होते.' 'प्रिंटवर पेनाने खुणा करत होते.' 'जेवून आले तर घड्याळ १:५२ वर थांबलेलं.' अख्ख्या वहीत अशी एकही नोंद नव्हती की मशीन राबत होतं आणि अडकलं. आधीच्या दोघांनाही त्यांनी ही वही दाखवली होती म्हणे. दोघांनी ती उघडलीसुद्धा नाही.

हँग झालं की मी सगळ्यात आधी कॅप्स लॉक दाबतो. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला तर आत कोणीतरी जिवंत आहे. ग्राफिकचा ड्रायव्हर अडकला असेल, डिस्क उत्तर देत नसेल. इथे दिवा हलत नव्हता. पंखे फिरतायत, पडद्यावर शेवटचं चित्र तसंच, बाकी सगळं ठप्प. ब्लू स्क्रीन आली असती तर निदान स्टॉप कोड, म्हणजे चुकीचा नंबर, मिळाला असता, मिनीडंप फोल्डरमध्ये त्या घटनेच्या माहितीची फाइल पडली असती. पण ती फाइल लिहायलाही विंडोज शुद्धीवर असावं लागतं. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नल-पॉवर ४१, आणि त्यात बगचेक कोड शून्य, म्हणजे स्टॉप कोड नोंदलाच गेलेला नाही. ही ४१ ची नोंद पाहून लोक 'पॉवरचा प्रॉब्लेम' म्हणून मोकळे होतात. ती मशीन पुन्हा चालू झाल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट शटडाऊन झालं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून 'मृत्यू' लिहावं, तसं आहे ते.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ते स्मार्ट बघितलं. पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे संशयित तुकडे, नाहीत, केबल खराब असली की वाढणारा सीआरसीचा आकडाही शून्य. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही एरर नाही. रॅम जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी सेटिंग बंद करून कमी वेगावर ठेवली, तरी हँग. म्हणून तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून मशीन तसंच सोडून दिलं. आणि ते अडकेचना. सॉफ्टवेअर बंद केलं की अडकायचं, चालू केलं की नाही.

हे सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने सगळे सेन्सर वाचतं, म्हणजे तितक्या वेळा प्रोसेसरला उठवतं. काम नसलं की आजचे प्रोसेसर कोअरची वीज जवळजवळ पूर्ण तोडतात. या गाढ झोपेला सी६ म्हणतात. मी जे यंत्र नजर ठेवायला लावलं होतं तेच त्याला झोपू देत नव्हतं.

मग पडद्यावरचे आकडे सोडले आणि मल्टिमीटर काढला. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, त्यातून येणाऱ्या १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के सूट असते, म्हणजे ११.४० ते १२.६० चालतं. लोडवर ११.९ दिसत होतं. मशीन रिकामं बसलं की १२.४८. नियमात बसतंय, पण काठावर. एसएमपीएस उघडून पाहिला तर जुन्या धाटणीचा, ज्यात ५ आणि १२ व्होल्ट एकत्रच सांभाळले जातात. १२ वरचा लोड फार कमी झाला की ती लाइन वर चढते आणि ५ ची खाली येते. आजच्या मशीनमध्ये जवळपास सगळा भार १२ वरच असतो आणि प्रोसेसर झोपला की तोच एकदम नाहीसा होतो. वॅटेज भरपूर होतं त्या एसएमपीएसचं. वॅटेज बघूनच घेतात लोक, विकणारेही तेवढंच सांगतात. कमीत कमी लोडवर तो कसा वागतो हे कोणी विचारत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाचा पर्याय सापडला. तो 'ऑटो'वरून 'टिपिकल करंट आयडल'वर नेला की प्रोसेसर इतका खोल झोपत नाही, थोडी वीज ओढत राहतो. हँग होणं थांबलं. पर्याय पुन्हा ऑटोवर नेला, हँग परत आलं. मग ऑटोवरच ठेवून एसएमपीएस बदलला, तेव्हाही हँग नाही.

मॅडमना नवा एसएमपीएस बसवून दिला, मशीन तेव्हापासून नीट चालतंय. पण बिल बघून त्यांनी विचारलं, "म्हणजे जुना खराब होता ना?" मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण १२.४८ हे खराब नाही. तेवढ्याने मदरबोर्ड गोठायलाही नको. बहुधा गडबड प्रोसेसर झोपेतून उठतो त्या क्षणी होत असावी. तेव्हा लाइनला जो झटका बसतो तो इतक्या कमी वेळात येऊन जातो की मल्टिमीटरला कळत नाही. तो सरासरी दाखवतो. त्यासाठी व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारा ऑसिलोस्कोप हवा, तो माझ्याकडे नाही. एका मित्राने आणून देतो म्हटलंय. शिवाय दोष एसएमपीएसचाच असेल तर नुसत्या बायोसच्या पर्यायाने तो का दबतो? आणि बोर्डाचा असेल तर एसएमपीएस बदलल्यावर का जातो? दोघं एकमेकांना सोसत नव्हते, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो. बिलावर असं काही लिहिता येत नाही.

जुना एसएमपीएस बाकावरच्या एका जुन्या मशीनला जोडून ठेवलाय. ते दिवसचे दिवस रिकामं बसून असतं आणि एकदाही अडकलेलं नाही. त्याचाच जास्त राग येतो.