मिरच्यांच्या उन्हातला नाताळ

१३ डिसेंबर

आई आल्या. वसईहून मेलबर्न, मध्ये एक विमान बदलून, मांडीवर पर्स घट्ट धरून. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) विमानतळावरच्या फॉर्मवर त्यांनी बॅगेतलं सगळं खरंखरं लिहिलं होतं: सुंठ, बडीशेप, कोकम, घरची मिल्क क्रीम (नाताळची दुधाची मिठाई). सुंठ, बडीशेप, कोकम आत आलं, मिल्क क्रीम गेली. भारतात गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, म्हणून तिथल्या दुधाचं काही इथे चालत नाही, असं विमानतळावरच्या बाईंनी नीट, अगदी हसून समजावलं. आईंनी गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य टाकलं, "आमच्या दूधवाल्याच्या म्हशींना मी वीस वर्षं बघतेय. त्यांना खुरकूत?"

पण साचे आले. मार्झिपानचे ते लाल रबरी साचे, गुलाब, मासा आणि शिंपला. करंजीचं कातणं आलं. कुलकुलांसाठी (फणीवर वळून तळायच्या गोड शिंपल्यांसाठी) एक कोरी फणीही आली, जिच्यावर मुलांनी हात ठेवला तर आई ओरडतात, कारण "केसांत घातली तर पुन्हा कुठून आणू?"

म्हणजे यंदा सगळं घरीच. धाकट्याने कॅलेंडरवर नाताळपर्यंतच्या चौकोनांवर रेघा मारायला घेतल्या.

१५ डिसेंबर

सकाळी अकराच्या सुमाराला आई मागच्या अंगणात उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर घेतला, हात पुढे करून ऊन तळव्यावर घेतलं, जमिनीला बोट लावून बघितलं. आत आल्या आणि म्हणाल्या, "हे मिरच्यांचं ऊन आहे."

मला हसू आलं, पण त्या बरोबर बोलल्या. आमच्याकडे बाटली मसाला एप्रिल-मेमध्ये होतो. मिरच्या गच्चीवर कडकडीत वाळतात, मग वेगवेगळे मसाले भाजून कुटायचे आणि बिअरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग टिकतो. नाताळ त्यानंतर सात-आठ महिन्यांनी येतो, शेतातली भातं निघाल्यावर, अंगात स्वेटर चढल्यावर. ही दोन कामं एकाच महिन्यात येतील असं कुणी वसईत स्वप्नातही आणणार नाही. इथे येतात. बाजारात कैरी आहे, हापूसच्या जागी क्वीन्सलँडचा केन्सिंग्टन प्राइड आहे, आणि दुकानांत सांताक्लॉज घामाघूम होऊन उभा आहे.

लोक म्हणतात, बर्फाशिवाय कसला ख्रिसमस. दुकानांच्या काचांवर डब्यातला फवारा मारून बर्फ काढलेला असतो, खाली चप्पल घालून माणसं चालतात. मला ते कधीच पटलेलं नाही. बर्फ आमच्या वसईतही कधी पडला नाही, त्याची आठवण कशाला काढायची? आमच्यासाठी वेगळं एवढंच की इथे नाताळ आपल्या मे महिन्यासारख्या उन्हात येतो.

दुपारी भारतीय दुकानातून बेडगी, काश्मिरी आणि रेशमपट्टी आणल्या. आईंना गच्ची हवी होती. गच्ची नाही, ट्रॅम्पोलिन आहे. त्याच्या जाळीखालून वारा खेळतो, वरून ऊन, कडेने मुलं पडू नयेत म्हणून लावलेली उंच जाळी. जुनी चादर पसरून मिरच्या टाकल्या. तासाभराने कुरकुर आवाज येऊ लागला. आई दर थोड्या वेळाने जाळीचं दार उघडून हात फिरवून येत होत्या. त्यांनी जाहीर केलं की गच्चीपेक्षा हे बरं. मुलांच्या मते हा सरळसरळ अन्याय आहे, ऐन सुट्टीत ट्रॅम्पोलिन बंद.

एक संकट मात्र आम्ही गृहीत धरलं नव्हतं, पांढरे काकाकुवा. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. संध्याकाळी दोघं जण ऐटीत जाळीवर येऊन बसले. धाकट्याला पिचकारी देऊन राखणीला बसवलंय, त्यामुळे अन्यायाची तक्रारही मिटली.

१८ डिसेंबर

उत्तरेचा वारा. ज्यांनी तो अंगावर घेतलेला नाही त्यांना सांगून समजायचा नाही. वाळवंटाकडून येतो, भट्टीचं दार उघडावं तसा. पारा ३९, आणि आज राज्यात आगबंदी, म्हणजे उघड्यावर लाकूड-कोळसा पेटवायचा नाही. बरोबर आजच आम्ही कुलकुलांचं पीठ भिजवून बसलेलो.

घरात तळायचं म्हटलं तर रात्रीपर्यंत घर तापलेलं राहणार. गॅसच्या बार्बेक्यूला आगबंदीतही परवानगी असते, पण अटी आहेत: भोवती तीन मीटर जागा साफ हवी, नळाची पाइप किंवा दहा लिटर पाणी हाताशी हवं, मोठं माणूस सतत जवळ हवं. नवऱ्याने वेबसाइट वाचून खात्री केली, फरशीवरचा पाचोळा झाडला, पाइप ओढून आणली, वर दोन बादल्या भरून ठेवल्या. मग बार्बेक्यूच्या कडेच्या बर्नरवर कढई चढली.

पीठ साधंच: मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, थोडं लोणी, साखर, मीठ, आणि अंड्यांचे पिवळे बलक. पांढरा भाग थोरलीने तिच्या पावलोवासाठी (अंड्याचा पांढरा भाग फेटून भाजलेला, वर क्रीम आणि फळं लावलेला इथला गोड पदार्थ) राखून ठेवला. हा मला फार पटलेला व्यवहार आहे. पावलोवाला फक्त पांढरं लागतं, कुलकुलांना पिवळं चालतं, आणि दोन्ही देशांचं भागतं. (पावलोवा नक्की ऑस्ट्रेलियाचा की न्यूझीलंडचा, यावर इथले लोक अजूनही भांडतात. आना पाव्हलोव्हा ही रशियन नर्तकी १९२६ मध्ये दोन्हीकडे नाचून गेली, त्यात ती बिचारी काय सांगणार.)

वसईत पिठाची अडचण दमट हवेची, इथे उलट. पाच मिनिटं उघडं राहिलं की वरून पापुद्रा धरतो, फणीवर दाबलं की गोळी चिरते आणि वळत नाही. आईंनी ओला पंचा टाकला. त्या पंचाखालून एकेक गोळी काढायची, फणीवर अंगठ्याने ओढत आणायची, शेवटी शिंपलीसारखी बंद व्हायला हवी. आईंचा अंगठा न बघता चालतो. माझा बघून चालतो. थोरलीने मोबाइलवर व्हिडिओ बघून काट्याच्या पाठीवर वळायला घेतल्या, आणि त्या अगदी सारख्या आल्या. आई दोन क्षण बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "होऊ दे. पोटात गेल्यावर फणी कोण विचारतंय."

मार्झिपान मात्र आज नकोच म्हणून सोडलं. काजूचं असलं तरी या उन्हात घाम फुटून चिकट होतं. ते पहाटे करणार.

२१ डिसेंबर

आज नाहीतर उद्या, इथला सर्वांत मोठा दिवस. जवळजवळ पावणेपंधरा तास उजेड. वसईत आज सर्वांत छोटा, अकरा तासांच्या आसपास. आईंना हे मी नकाशा काढून समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणून तुमचा तारा लागत नाही."

मुद्दा ताऱ्याचा आहे. नवऱ्याने बांबूच्या कामट्या सोलून, पतंगी कागद खळीने चिकटवून मोठा पाचकोनी तारा केला. वसईत आगमनकाळ लागला की घराघरांवर तारे चढतात, सहाच्या पुढे गावातला रस्ता रंगीत होतो. इथे पावणेनऊला सूर्य मावळतो, अंधार व्हायला साडेनऊ. तोपर्यंत तारा नुसता कागदाचा, त्याच्या मागे दिवा आहे की नाही हेही कळत नाही. धाकटा रोज खिडकीत उभा राहतो, अंधार कधी पडेल म्हणून. त्याचं झोपणं त्या ताऱ्यामागे पार लांबलंय. मला इथल्या नाताळात काही टोचतं ते हे. गारवा नसला तरी चालतं, एसी आहे, कुल्फी आहे. अंधार लवकर पडायला हवा होता.

इथल्या लोकांनाही तसं वाटत असेल. १९३८ पासून मेलबर्नमध्ये नाताळच्या आदल्या रात्री मेणबत्त्या घेऊन उघड्यावर गाणी म्हणतात. नॉर्मन बँक्स नावाच्या रेडिओ-निवेदकाची ही कल्पना. आदल्या वर्षी कामावरून परतताना त्याला खिडकीत एक म्हातारी दिसली होती, एकटीच, मेणबत्तीच्या उजेडात रेडिओवरच्या गाण्यांबरोबर गात असलेली. आता 'सिडनी मायर म्युझिक बोल' या खुल्या रंगमंचावर कार्यक्रम होतो, टीव्हीवर दाखवतात. सुरुवातीची गाणी ढळढळीत उजेडात, हातातल्या मेणबत्त्यांना काही अर्थच नसतो. नऊ वाजून जातात तेव्हा कुठे त्या दिसू लागतात. आम्ही तोवर टीव्हीसमोर करंज्यांचं सारण भरत बसतो.

गोठा (बाळयेशूच्या जन्माचा देखावा) झाला. वसईत भाताचा पेंढा मागून आणावा लागतो, इथे अंगणातलं गवत आधीच पेंढा झालंय. गोठ्यासाठी पेरलेली नाचणी उन्हाने भराभर वर आली आणि पिवळी पडायला लागलीय, रोज सावलीत नेतोय. धाकट्याने मेंढपाळांच्या शेजारी लाल अग्निशामक गाडी ठेवली. शाळेत शिकवलंय, वाळलं गवत असेल तिथे गाडी जवळ हवी. आईंनी गाडी थोडी मागे सरकवली, काढली नाही.

२४ डिसेंबर

पहाटे पाचला मार्झिपान. स्वयंपाकघर १९ अंशांवर, खिडक्या सताड. मासे आणि शिंपले नीट सुटले, गुलाबाच्या पाकळ्या दोन तुटल्या.

इंद्याल परवाच झालं. डुकराचं मांस, व्हिनेगर, बाटली मसाला गेल्या वर्षीच्या तळाचा. ते मुरतंय, त्याला हात लावायचा नाही. आजचा दिवस फुग्यांचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचा. घरी थंडीत पीठ रात्री घोंगडीत गुंडाळून ठेवायचे, सकाळी फुगतं. जुन्या लोकांची ताडी असायची, आमचं यीस्ट. इथे दुपारी मळलं, तासाभराने बघते तर पीठ पातेल्याबाहेर येऊन ओट्यावर उतरलंय. आई शांतपणे म्हणाल्या, "त्याला गरमी भेटली." तळायला घेतलं तर असे टम्म फुगले की नवरा पहिलाच घाण्यातला उचलून पळाला.

मिस्सा संध्याकाळी सहाची धरली, मुलांसाठी. देवळाच्या आवारात, झाडाखाली, प्रखर उन्हात. पाद्रीबाबा चष्म्यावर काळी काच लावून. बाळयेशू उचलून गोठ्यात ठेवला तेव्हा माझ्या पुढची बाई प्रार्थनेच्या छापील कागदाने वारा घेत होती. आईंना इंग्रजी गाणी येत नव्हती, पण चाल ओळखीची लागली की त्या मराठी शब्द घालून म्हणत होत्या, अजिबात हळू आवाजात नाही. पुढच्या रांगेतले दोघं वळले आणि हसले.

२५ डिसेंबर

पहाटेपासूनच ३६. जेवण मागे, शेडखाली. शेजारच्या म्हाताऱ्या आजी (ऑस्ट्रेलियन, एकट्या असतात) दरवर्षीसारख्या थंड हॅम आणि उकडलेली कोळंबी घेऊन आल्या. कोळंबी बर्फावर मांडलेली. आईंनी एक सोलली, खाल्ली, मला मराठीत विचारलं, "छान आहे गं. पण कालवण कधी करणार?" इंद्याल आणि फुगे त्या आजींनी दोनदा घेतले आणि पाण्याचा जग आपल्याजवळ ओढून ठेवला.

चारला वारा फिरला. उत्तरेचा थांबला, एक मिनिट काहीच हललं नाही, मग नैऋत्येकडून आला तो टेबलावरचे कागदी पेले, टोप्या, नॅपकिन घेऊनच गेला. अर्ध्या तासात पारा १९. हे मेलबर्नचं नेहमीचंच. २००६ च्या नाताळात तर व्हिक्टोरियाच्या डोंगरांवर बर्फ पडला होता, त्याच महिन्यात त्याच डोंगरांत वणवे पेटलेले असताना. आम्ही धावत ट्रॅम्पोलिनवरच्या मिरच्या गोळा केल्या. पाच माणसं, सणाच्या कपड्यांत, चादरीची टोकं धरून. पावलोवा या गडबडीत टेबलावरच राहिला आणि वरची क्रीम एका बाजूला घसरली. थोरलीने कडेला आंबा आणि पॅशनफ्रूट लावून झाकलं. कुणालाही फरक पडला नाही.

२६ डिसेंबर

टीव्हीवर एमसीजीची (मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरची) कसोटी, नवरा सोफ्यावर. तो अजून २०२० बद्दल बोलतो. अॅडलेडला भारत ३६ वर गडगडल्यानंतर इथे रहाणेने ११२ काढले त्याबद्दल. मी ताटं भरली. करंज्या, कुलकुले, मार्झिपान, वर एक फुगा. कोल्हापूरच्या शेजारणीकडून दिवाळीला फराळ आला होता, ते ताट आमच्याकडेच होतं, रिकामं परत द्यायचं नव्हतं. तिने ताट घेतलं, नाक वर केलं आणि विचारलं, "मागे काय वाळवताय? कालपासून वास येतोय. मलाही अर्धा किलो द्या."

आईंनी तिला तिथल्या तिथे हिशोब सांगितला: इतक्या मिरच्या, इतके धणे, खसखस वेगळी भाजायची. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या की काळ्या बाटल्या कमी पडतील, नवऱ्याला सांग. त्याने मॅच न सोडता हात वर केला. बिअर संपवायची जबाबदारी त्याने घेतलीय.

मसाला उद्या भाजायचा. हवामान खातं ३५ सांगतंय, म्हणजे सहाच्या आत बाहेरचा बर्नर पेटवायचा, आणि धाकट्याची पिचकारी आधी भरून ठेवायची. काकाकुवा काल वारा पडल्यावर परत येऊन बघून गेलेत.