पिवडीवर गेरू

१५ जुलै, रात्र

दादरला गाडी बदलताना गावाकडून अप्पांनी पाठवलेला मेंढ्यांचा फोटो आला. गर्दीत नीट दिसला नाही. घरी येऊन मोठा करून पाहिला, तेव्हापासून चैन नाही. २२ पैकी १३ मेंढ्यांचे पुठ्ठे लाल.

नर सोडला २० जूनला. छातीला, पुढच्या पायांच्या मधे, गोडेतेलात कालवलेली पिवडी, म्हणजे पिवळी माती. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. ज्या मेंढीवर तो चढला, तिचा पुठ्ठा पिवळा. माज साधारण १७ दिवसांनी फिरून येतो, म्हणून ७ जुलैला पिवडी बंद, गेरू चालू. फिका रंग आधी, गडद मागून, नाहीतर दुसरा दिसतच नाही. फळलेली मेंढी पिवळीच राहते; न फळलेली उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते, नर पुन्हा चढतो आणि ती लाल होते. चार-पाच लाल झाल्या असत्या तर काही नव्हतं, तेवढ्या उलटतातच. आठ दिवसांत तेरा म्हणजे दोष नरात.

हे मला मे महिन्यातच कळायला हवं होतं. अप्पा नराबद्दल म्हणाले होते, "दुपारी पत्र्याखाली तोंड वासून धापा टाकतोय, लोकर अजून अंगावरच हाय." मी म्हटलं, पाऊस आला की निवेल. माण तालुक्यातला मे! वीर्य तयार व्हायला सात आठवडे लागतात. मेच्या उष्म्यानं बिघडलेलं जून-जुलैत बाहेर येतं. नर दिसायला तगडा, चढायला उतावळा, रंगही नेमका लावतो, आणि मेंढी रिकामीच. मेंढ्यांना तीन आठवडे रोज पाव किलो मक्याचा भरडा घातला होता, जास्त बीजं सुटावीत म्हणून. सुटली असतील. वाया गेली.

एप्रिलमध्ये लोकर कातरायला एक दिवस लागला असता. दुपारी कडुलिंबाखाली बांधायला तर तेवढाही नाही. मी इथे मुंबईत बसून एक वाक्य बोलले असते तरी... दादाचं त्यात काय, ते आज नको. सगळ्या गोष्टी मीच आठवायच्या का, असंही दोनदा मनात येऊन गेलं.

असो. २० जून परत येणार नाही. वरच्या वाडीतला चार दाती, म्हणजे भर तरुण, नर मागायचा. आपल्या खांडातल्या, म्हणजे कळपातल्या, रक्ताचा नको. हात लावून बघायचं: दोन्ही अंड सारखे, भरीव, गाठ नाही, खुरात सड नाही. त्याला नीळ लावायची, गेरूवर उठून दिसते. जुन्याला विकू नये, गारव्यात दोन महिन्यांत सुधारतो.

उलटलेल्या २४ जुलैपासून पुन्हा माजावर येतील. १५० दिवस धरले तर पहिली कोकरं २१ डिसेंबरला. नोव्हेंबरच्या मध्यावर यायची होती, रानात चारा असताना. आता थंडी, माळ कोरडा, मेंढीला दूध कमी. शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातलं पिल्लू सर्वांत जास्त वाढतं, तेव्हाचा कडबा आणि भरडा आत्तापासून राखायचा. मेंढ्यांच्या वाड्याला पोत्यांचा आडोसा.

सकाळी सहाला अप्पा वाड्यावर असतात. तेव्हाच फोन करते. मेचा विषय मीच काढते.