गौरीपूजनाच्या दिवशी बोक्याची शू अडकली

मी लोकांची मांजरं सांभाळते. म्हणजे मालक गावी, लग्नाला, फिरायला गेले की त्यांच्या घरी जाऊन मांजराला खायला घालायचं, लिटर (शी-शूची वाळू) साफ करायचं, औषध चालू असेल तर द्यायचं, थोडा वेळ बसायचं, फोटो पाठवायचा. परळ, लालबाग, दादर, माटुंगा एवढाच माझा एरिया, कारण दिवसातून दोनदा जायचं म्हणजे लांबचं परवडत नाही. आणि गणपती हा माझा खरा सीझन, दिवाळीपेक्षाही मोठा. अर्धं लालबाग-परळ कोकणात रिकामं होतं आणि त्या रिकाम्या अर्ध्यात उरलेली सगळी मुंबई दर्शनाला येते.

ज्या घराबद्दल सांगतेय ते लालबागमधल्या एका जुन्या चाळीतलं, तिसरा माळा. काका, काकू, मुलगा, नवी सून आणि बंड्या. बंड्या म्हणजे पाच वर्षांचा, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, चांगला सहा किलोचा बोका, खाणं फक्त सुकं, पाणी जेमतेम. गाव देवगड तालुक्यात. एरवी कोणीतरी एक जण मागे थांबतो, पण यंदा सुनेचा पहिला ओवसा (नव्या सुनेचा गौरीपुढचा विधी) होता त्यामुळे झाडून सगळे जाणार होते, तेही गौरी-गणपती करूनच परत येणार.

आता बंड्याचं काय यावर त्या घरात जी चर्चा झाली ती मी ऐकलीये कारण चहाला मीच बसले होते. मुलाचं म्हणणं सोबत नेऊ. मी म्हटलं रेल्वेत पाळीव प्राणी सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे बुक करावा लागतो नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि तुम्हाला गणपतीत स्लीपरची चार तिकिटं मिळेपर्यंत नाकी नऊ आले. बरं नेला समजा, गावच्या घराला चारही बाजूंनी दारं, त्यात गणपतीत सतत माणसांचा राबता, बोका एकदा का मागच्या परड्यात घुसला की मग काय आरती सोडून त्याला शोधणार का. सुनेने हॉस्टेल बघून ठेवलं होतं, बदलापूरकडे, फोटो मस्त, लॉन वगैरे. पण ते होतं मुळात कुत्र्यांचं.

कुत्र्यासाठी मी हॉस्टेलला नाही म्हणत नाही हां. कुत्रं माणसाला धरून असतं, चांगली माणसं आणि दोन वेळचं फिरणं मिळालं तर बहुतेक कुत्री दोन दिवसात रुळतात. फक्त जाऊन बघा. गेट दुहेरी आहे का, रात्री तिथे माणूस झोपतो की कुलूप लावून घरी जातो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते तुमच्याकडे लसींचं कार्ड मागतात का. जो रेबीज, नाइन-इन-वन (एकत्रित लस) आणि केनेल कफ म्हणजे कुत्र्यांच्या साथीच्या खोकल्याचं कार्ड न बघता तुमचा कुत्रा आत घेतो तो बाकीच्यांचेही तसेच घेत असणार, सरळ हिशोब आहे. आणि मुंबईच्या पावसात लेप्टो काही फक्त माणसांना होत नाही, त्याचा डोस दरवर्षी लागतो. लोक निघायच्या आदल्या दिवशी लस टोचून आणतात आणि म्हणतात झालं, अरे अंगात तयार व्हायला वेळ नको का तिला.

पण मांजर जागेला धरून असतं. त्याला नवीन जागा, नवीन वास, बाजूला दिवसभर भुंकणारे पंधरा कुत्रे म्हणजे शिक्षा. काही मांजरं तर खाणंच सोडतात आणि जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही की लिव्हरवर चरबी चढते, ते वेगळंच दुखणं. म्हणून मांजराला त्याच्या घरातच ठेवा हे मी सगळ्यांना सांगते, आणि हो, त्यात माझा धंदा आहे, पण ते खरंही आहे.

मग काकांनी खरा मुद्दा काढला. "एक दिवसाआड ये ना, मांजर तर आहे, त्याला काय लागतं." सुनेने टायमरवाला फीडर ऑर्डर केला होता, कॅमेरा होता, लिटरचे दोन बॉक्स ठेवणार होते. शेजारच्या खोलीतले नाना पण तयार होते, येता जाता डोकावू म्हणाले, फुकट. मी एक दिवसाआडची कामं घेतच नाही. खायला घालायला माणूस लागतच नाही हो, ते मशीन करतं. मी पैसे घेते ते बघायचे. किती खाल्लं, किती प्यायला, आणि लिटरमध्ये काय आहे. गोळा होणारी वाळू असली की मी शूचे गोळे मोजते, साधारण मांजराचे दिवसाला दोन ते चार निघतात, वहीत लिहिते. मालकांना हे फार मजेशीर वाटतं. काकांनाही वाटलं, हसले, पण काकूंनी डोळे वटारल्यावर दोन वेळचं ठरलं.

माझा एक कागद असतो तो भरून घेतल्याशिवाय मी किल्ली घेत नाही. डॉक्टर कोण, कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, कुठे ठेवलाय (माळ्यावर नको, हाताशी पाहिजे), तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कोण घेणार, आणि न विचारता उपचाराला किती खर्च करू. काका म्हणाले तू घरचीच गं, तूच बघ. मी म्हटलं नाही, आकडा लिहा. त्यांनी पाच हजार लिहिलं आणि वर म्हणाले मांजराला पाच हजार, ऐश आहे. पाचच्या वर डोंबिवलीच्या ताईला विचार, म्हणजे त्यांच्या लग्न झालेल्या मुलीला. लिहून घेतलं.

पहिले दिवस छान गेले. बंड्या दाराशी यायचा, पायात पायात करायचा, खायचा. गौरी आल्या त्या संध्याकाळी मला लिटरमध्ये एकच गोळा दिसला, तोही सुपारीएवढा. खाणं अर्धं शिल्लक. मी तसं वहीत लिहिलं, ओलं खाणं पाण्यात कालवून ठेवलं आणि सुनेला मेसेज टाकला, त्याला एकच टिक. गावात त्यांच्या वाडीत रेंज नाही, वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर गेलं तरच फोन लागतो हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकरच गेले. बंड्या दाराशी आला नाही. दोन्ही बॉक्स बघितले, वाळू जशी सपाट केली होती तशी, फक्त एका कोपऱ्यात उकरलेलं, ओलं काही नाही. तो मोरीत बसला होता. थंड लादीवर वाकून शूला बसल्यासारखा बसायचा, काही नाही, उठायचा, दोन पावलं, परत बसायचा, खाली चाटायचा आणि मधेच असा एक आवाज काढायचा की मी त्याच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता. कॅमेऱ्याचं म्हणाल तर तो खाण्याच्या भांड्याकडे तोंड करून लावलेला, लिटरकडे कॅमेरा कोणीच लावत नाही.

तेवढ्यात नाना आले. बघून म्हणाले बद्धकोष्ठ झालंय त्याला, कुंथतोय बघ, चमचाभर एरंडेल पाज, दुपारपर्यंत मोकळा होईल. आणि खरं सांगते, दिसायला तसंच दिसतं, नव्वद टक्के लोकांना तेच वाटतं. पण बोका वारंवार बसतोय आणि शूचा गोळा नाही म्हटलं की आधी शूच अडकली असं धरायचं. बोक्याची मूत्रनळी लांब आणि पुढे एकदम अरुंद, त्यात खडे किंवा चिकट बुच बसलं की बंद. मांजरीला हे क्वचितच होतं. आणि पूर्ण अडकली की हातात एक-दोन दिवस असतात, जास्त नाही. मी एरंडेल काही पाजलं नाही, नानांना वाईट वाटलं असेल तर वाटो.

डॉक्टर दादर पूर्वेला. फोन केला तर म्हणाले पोटाला हात लावू नकोस जास्त, दाबू तर अजिबात नकोस, घेऊन ये, लगेच.

लगेच म्हणे. गौरीपूजनाचा दिवस, लालबाग. खाली उतरले तर गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले, नवसाची रांग एकीकडे, मुखदर्शनाची दुसरीकडे, पोलीस शिट्ट्या मारतायत, ढोल चालू, आणि मी सहा किलोचा बोका कॅरियरमध्ये छातीशी धरून उलट्या दिशेने. कॅरियरवर काकूंची जुनी ओढणी टाकली होती, अंधार असला की मांजर जरा शांत राहतं. तरी ओरडत होताच. इथे नाना कामाला आले हां, ते पुढे आणि मी मागे, "पेशंट आहे, पेशंट आहे" ओरडत त्यांनी वाट काढली, लोक खरंच बाजूला व्हायचे आणि मग कॅरियरमध्ये बघून हसायचे. एका हवालदाराने बॅरिकेड सरकवून दिलं, त्याच्या घरी पण मांजर आहे म्हणे. अॅपवर गाडी कोणी घेतच नव्हतं. भारतमाता सिनेमाच्या नाक्यापर्यंत चालत गेलो तेव्हा एक काळी-पिवळी मिळाली, तो म्हणाला गाडीत मुतेल का, मी म्हटलं भाऊ तेच तर होत नाहीये.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले ब्लॉक आहे, फुल. मला पण बोट लावून दाखवलं, आत मूत्राशय मोसंबीएवढं, टणक. रक्त घेतलं, छातीला ईसीजीच्या क्लिपा लावल्या, सलाईन सुरू केलं. ईसीजी कशाला हे मी पूर्वीच एकदा विचारलं होतं, म्हणून मला माहीत होतं. शू बाहेर गेली नाही की पोटॅशियम रक्तात साठतं, ते वाढलं की हृदयाचे ठोके मंद व्हायला लागतात, आणि मांजर बऱ्याचदा त्यानेच जातं. बंड्याचं वाढलेलं होतं, पण हाताबाहेर नव्हतं. ते म्हणाले रात्री आली असतीस तर बरंच वेगळं बोललो असतो. एक दिवसाआडच्या हिशोबाने मी रात्री पण नव्हते जाणार, उद्या सकाळी जाणार होते.

पुढचं म्हणजे भूल देऊन कॅथेटर (शू काढायची नळी), मग दोन-तीन दिवस ॲडमिट, सगळं मिळून पंधरा हजारापर्यंत. काकांचा फोन बंद, मुलाचा बंद, सुनेचा एकच टिक तसाच. सलाईन आणि रक्ताच्या तपासणीला माझ्या कागदावरचे पाच हजार होते, ते सुरू झालंच. वरचं ताईवर. ताईंकडे त्यांच्या सासरच्या गौरी, पहिल्या दोन रिंगा गेल्या, तिसऱ्यांदा उचलला तर मागे कुकरच्या शिट्ट्या आणि बायकांचा गलका. मी दोन वाक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या करा. मी म्हटलं तसं नाही ताई, लिहून पाठवा, डॉक्टरांना दाखवायचंय. मिनिटभरात मेसेज आला, त्यात पिठाच्या हाताने टाइप केल्यासारखं काहीही होतं पण "हो, भूल द्या, खर्च मी देते" एवढं कळत होतं. तेवढ्यावर काम झालं.

कॅथेटर जायला वेळ लागला. मी बाहेर बसले होते, नाना पण बसले होते, त्यांनी मधेच जाऊन दोघांसाठी वडापाव आणला. मग आतला मुलगा येऊन म्हणाला निघाली. नुसती निघाली नाही, लालसर, गढूळ, ट्रे भरला. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली स्फटिक दाखवले, स्ट्रुवाइट म्हणतात ते. नुसतं सुकं खाणं, कमी पाणी, वजन आणि वर घरातली माणसं अचानक गायब झाल्याचा ताण, असं सगळं एकत्र आलं म्हणाले. म्हणजे घरात ठेवूनही ताण आलाच की. मांजराला घरात ठेवा एवढं सांगून भागत नाही हे तेव्हापासून मी मालकांना आवर्जून सांगते.

संध्याकाळी सड्यावरून फोन आला. काका. पंधरा हजार ऐकून आधी गप्प आणि मग, "अगं माझा मोतीबिंदू..." एवढं म्हणाले आणि पाठीमागून काकूंनी फोन ओढून घेतला. "अगो, पैशाचा मागीर बघूया, आधी तेका बरो कर." मग रेंज गेली.

बंड्या गौरी-गणपती विसर्जनानंतर घरी आला. नळी काढल्यावरचे पहिले काही दिवस परत अडकायची भीती जास्त, म्हणून मंडळी येईपर्यंत मी रात्री तिथेच झोपले, त्याचे वेगळे पैसे लावले आणि ते सांगून लावले. आता तो ओलं खाणं खातो, घरात तीन ठिकाणी पाण्याची भांडी, एक तर काकूंच्या देवघराशेजारी. सुनेने कॅमेरा लिटर बॉक्सकडे फिरवलाय, ऑफिसातून बघते. नाना अजूनही म्हणतात की एरंडेलाने झालं असतं.

मे महिन्यात परत गावी जायचं ठरलं तेव्हा मी कागद घेऊन गेले. काकांनी खर्चाच्या रकान्यात ऐटीत लिहिलं, लागेल तेवढा. मी म्हटलं काका असं नाही चालत, डॉक्टर विचारतात, आकडा लिहा. त्यांनी खोडून वीस हजार लिहिलं, सही केली, आणि मग माझ्या दिवसाच्या फीमध्ये पन्नास रुपये कमी करून मागितले.