चार चौकटींची पट्टी: 'गच्ची'च्या कामाची नोंद

माझी 'गच्ची' ही चित्रकथा आता पट्टीच्या रूपात येतेय. मोबाईलवर बोटाने सरकवत वाचायची लांबलचक उभी मालिका थांबवली आणि वर्तमानपत्रात असते तशी, एका मापाच्या चार चौकटींची पट्टी सुरू केली. गेले काही महिने हेच चाललंय. आता त्यात हात बसायला लागलाय, म्हणून ही नोंद. चित्रकथा काढणाऱ्या आणि काढू पाहणाऱ्या सगळ्या मंडळींसाठी, जरा सविस्तर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: चौथीतली ईरा, तिची आजी आणि एक कावळा. जागा एकच, तीन मजली इमारतीची गच्ची.

हे डोक्यात शिरलं ते चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स'मुळे. २ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत ही पट्टी सुरू झाली. ती वर्तमानपत्रांना विकणाऱ्या कंपनीने, म्हणजे सिंडिकेटने, तिची जाहिरातच केली होती 'जागा वाचवणारी' म्हणून. चारही चौकटी तंतोतंत सारख्या, त्यामुळे संपादकाला ती आडवी लावता यायची, एकाखाली एक उभी लावता यायची, नाहीतर दोनावर दोन रचून चौकोन करता यायचा. पानात जिथे जागा उरेल तिथे पट्टी बसायची. शुल्झ यांनी ही अट जवळजवळ चार दशकं पाळली. १९८८ पासून मात्र ते चौकटी हव्या तशा लहानमोठ्या करू लागले.

आता आपल्याला काय लागतं बघा. इन्स्टाग्रामवर मी चौकोन टाकते, स्टोरीला उभा आकार लागतो, लॅपटॉपवर आडवी पट्टी छान दिसते. एकाच चित्राच्या तीन मांडण्या, आणि प्रत्येक वेळी चौकटी नव्याने कापत बसायला वेळ कोणाकडे आहे? १९५० सालच्या संपादकाच्या सोयीसाठी काढलेला तोडगा आज माझ्या फाइलमध्ये जसाच्या तसा चालतो. चार चौकटी, चार वेगळे लेयर गट, मांडणी दोन मिनिटांत बदलते. वेबकॉमिक म्हणजे वर्तमानपत्रातल्या पट्टीच्या पुढची पायरी, तिथली बंधनं आता संपली, असं आपल्याकडे बरेचदा बोललं जातं. मला ते पटत नाही. पान कोणाचंही असो, आकार ठरवणारा कोणीतरी दुसराच असतो. तेव्हा संपादक होता, आज ॲप आहे. ज्यांनी त्या अडचणीत राहून पन्नास वर्षं उत्तम काम केलं, त्यांच्याकडून शिकण्यासारखं अजून खूप आहे.

नुसत्या सोयीपुरतं असतं तर मात्र मी इतकं लिहिलं नसतं. सारख्या चौकटींनी गोष्टीत काय घडतं ते सांगते.

सांडग्यांचा भाग घेऊ. आजी गच्चीवर सांडगे वाळत घालते आणि खाली जाताना सांगते, "ईरा, कावळ्याकडे लक्ष ठेव हं." उभ्या मालिकेत हा भाग बराच लांब होता. आजी जिना उतरते, ईरा मांडी घालून बसते, कावळा कठड्यावर येतो, जवळून डोळा, जवळून चोच, मग ताटाकडे उडी. प्रत्येक चित्र छान होतं, पण गंमत पातळ झाली होती. पट्टीत तो असा आहे: पहिल्या चौकटीत आजीचं ते वाक्य. दुसरीत ईरा आणि कावळा समोरासमोर, मध्ये ताट. तिसरीत तेच चित्र, तीच बैठक, एकही शब्द नाही, फक्त ताटातले सांडगे कमी झालेत. चौथीत आजी परत आलेली, आणि ईरा तितक्याच एकाग्रतेने, कावळ्यावरची नजर न काढता सांगते, "ठेवलंय ना लक्ष. अकरा खाल्ले त्याने."

सगळा जीव आहे तो तिसऱ्या चौकटीत. ती दुसरीच्याच मापाची आहे, म्हणून तिच्यातली वेळही तेवढीच वाटते. ती मोठी केली की वाचक म्हणतो, इथे काहीतरी महत्त्वाचं आहे, आणि सावध होतो. लहान केली की घाईने पुढे जातो. सारखी ठेवली की त्याचा श्वास एका लयीत राहतो आणि चौथ्या चौकटीत नेमका अडखळतो. शुल्झ यांच्या पट्ट्या एकामागून एक वाचताना ही लय लक्षात येते. कुंपणाच्या भिंतीला टेकून चार्ली ब्राऊन आणि लायनस बोलत उभे असतात, चित्र जवळपास हलतच नाही, एखाद्या चौकटीत दोघंही गप्प समोर बघत असतात, आणि मग एक वाक्य येतं. ती गप्प चौकट काढून टाका, वाक्य कोरडं होतं. मी प्रयोग म्हणून खरंच झाकून पाहिलं. तुम्हीही पाहा.

गप्प बसण्याची ताकद आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅननेही दाखवलीच आहे. 'टाइम्स ऑफ इंडिया'त १९५१ पासून तो दशकानुदशकं सगळीकडे हजर होता, पण बोलला नाही. आणि शि. द. फडणीस यांची हास्यचित्रं तर बिनशब्दांचीच. कावळ्याच्या चेहऱ्यासाठी मी फडणीसांची चित्रं समोर ठेवून बसते. कावळ्याला भुवया नसतात, ओठ नसतात, तरी त्याने अपराधी दिसायला हवं. ते मानेच्या कोनातून आणि पायांच्या अंतरातून येतं, हे मला त्यांच्या रेषेकडे बघून कळलं. सध्या तरी या कावळ्याने मला सर्वात जास्त आनंद दिलाय.

आता लेटरिंग, म्हणजे संवादांची अक्षरं लिहिणं. याबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं म्हणून थोडं जास्त लिहिते.

अमेरिकन पट्ट्यांतली अक्षरं बहुतेक सगळी कॅपिटल असतात. सगळी एका उंचीची, वर काही नाही, खाली काही नाही. त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून बसतात आणि संवादाच्या छोट्याशा फुग्यात चार ओळी सहज मावतात. देवनागरीत तसं होत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार; खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. वरच्या ओळीतला 'कू' आणि खालच्या ओळीतली 'र्मी' एकमेकांवर आले की दोन्ही वाचता येत नाहीत. म्हणून दोन ओळींत जवळजवळ अक्षराच्या उंचीइतकी मोकळी जागा सोडावी लागते. त्यांच्या चार ओळींच्या जागेत माझ्या तीनच बसतात, कधी अडीच. त्यातून आपले शब्दही प्रत्यय लागून लांबतात. 'गच्चीवरच्यांनासुद्धा' हा एक शब्द गोल फुग्यात घालून पाहा, कडेला टेकतोच. म्हणून मी गोल फुगा सोडून दिला. आता फुगा आडवा, वरून जवळजवळ सपाट, चौकटीच्या वरच्या कडेलाच चिकटवलेला. वरची कड वेगळी काढत नाही, त्यामुळे तेवढी एक ओळ सुटते.

शिरोरेघेचंही एक आहे. ती अक्षराच्या उभ्या रेषेइतकीच जाड ठेवली तर फुगा भरल्यासारखा काळा दिसतो आणि नजर चित्राकडे जायच्या आत मजकुरावर पडते. मी शिरोरेघ बारीक ठेवते, साधारण निम्म्या जाडीची, आणि ती सगळी अक्षरं लिहून झाल्यावर शेवटी ओढते. शब्दावर जोर द्यायला ठळक अक्षर मात्र वापरत नाही, कारण 'क्ष', 'श्र', 'द्ध' यांच्या पोटातली जागा बुजते. त्याऐवजी अक्षर मोठं करते किंवा ओढून लिहिते: "आऽऽजी!" हा अवग्रह चित्रकथेत फार कामाचा आहे. जितके जास्त, तितकी हाक लांब. पट्टीच्या मापात दोनापुढे जायला जागा नसते, आणि दोन पुरतातही.

सगळा मजकूर हातानेच लिहितेय. फॉन्टचे प्रयोग झाले, पण फॉन्टमधला प्रत्येक 'अ' सारखा असतो आणि शेजारची रेषा हाताची असते. दोघांचं जमत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पार्श्वभूमीबद्दल अर्नी बुशमिलर यांची 'नॅन्सी' ही जुनी अमेरिकन पट्टी बघायलाच हवी. त्यांच्या चित्रांत मोकळी जागा दाखवायची असली की मागे बरेचदा तीन दगड असतात. एकाने जागा ठरत नाही, चार कशाला? तीन पुरे. या विचाराने मी गच्ची सोलत गेले. आधी टाकी, पाइप, केबलच्या वायरी, सोलरचे पॅनेल, कुंड्या, शेजारच्या इमारतीच्या खिडक्या असं सगळं काढायचे. आता तीनच गोष्टी: पाण्याची काळी टाकी, कपडे वाळत घालायची दोरी, कठडा. वाचणाऱ्याला गच्ची लगेच कळते, आणि ईराच्या हातांना हलायला जागा मिळते.

रोजच्या पट्टीतून रंग काढून टाकलेत. काळं, पांढरं आणि क्वचित एक करडा थर. रंग नसले की काळ्याची जागा नीट ठरवावी लागते. माझ्याकडे काळ्या वस्तू दोन, टाकी आणि कावळा. टाकी डावीकडे स्थिर राहते आणि कावळा चौकटीगणिक उजवीकडे सरकतो, म्हणजे डोळा आपोआप शेवटच्या वाक्याकडे ओढला जातो. पेन्सिलीच्या टप्प्यावरच मी लांबून डोळे बारीक करून फक्त हे काळे ठिपके बघते. त्यांची चाल जमली तर पट्टी जमली.

हत्यारांचं विचाराल तर रेषा पुन्हा कागदावर आणली आहे. शुल्झ एस्टरब्रुकची एक ठरावीक निब वापरायचे आणि कंपनीने ती बंद केल्यावर उरलेला साठाच त्यांनी विकत घेतला. बिल वॉटरसन 'कॅल्विन अँड हॉब्स' ब्रशने, शाईत काढायचे. मी निबकडे झुकलेय. ब्रशची जाडबारीक रेषा बघायला देखणी असते, पण मोबाईलच्या पडद्यावर पट्टी लहान होते तेव्हा तिचा बारीक भाग नाहीसा होतो. निबची रेषा टिकते. टॅबलेट आता फक्त सफाई, करडा थर आणि मांडणीपुरता.

वॉटरसन यांचा विषय निघालाच आहे तर रविवारच्या पानाबद्दल. एकेकाळी रविवारी एका मालिकेला आख्खं पान मिळायचं. विन्सर मॅके यांचा 'लिटल नीमो' १९०५ मध्ये सुरू झाला तो असाच. २६ जुलै १९०८ च्या पानात पलंगाचे पाय वाढत जातात आणि तो शहरावरून चालत सुटतो, आणि पायांबरोबर चौकटीही उंच होत जातात. पुढे जागा आकसत गेली. रविवारची पट्टी अशी रचावी लागे की वरची ओळ संपादकाने उडवली तरी गोष्ट अडू नये. म्हणून पहिल्या एकदोन चौकटींत एक सुटा, वगळता येण्याजोगा विनोद टाकायचा. १९९२ मध्ये रजेवरून परतल्यावर वॉटरसन यांनी अर्धं पान न तोडता मिळण्याची अट मान्य करून घेतली, आणि त्यानंतरच्या चार वर्षांतली त्यांची रविवारची पानं बघताना आजही डोळे निवतात. डायनासोर, परग्रह, बर्फ, सगळं मोकळं.

तरीही रोजच्या शिकवणीसाठी मी शुल्झ यांच्याकडेच परत जाते. वॉटरसन मोकळी जागा मिळाल्यावर काय करता येतं ते दाखवतात. शुल्झ जागा नसताना काय करता येतं ते दाखवतात, आणि माझ्याकडे जागा नाही.

आपल्या 'चिंटू'चं ऋण वेगळं आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये तो सुरू केला आणि मराठी घरांत सकाळच्या चहाबरोबर स्वतःची पट्टी आली. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही माणसं कुठल्याही कॉलनीत सापडतील अशी. मराठी मुलं चौकटीत कशी बोलतात, आई किती शब्दांत रागावते, हे सगळं तिथे आधी झालेलं आहे. ईराचं वाक्य लांबलं की मी 'चिंटू'चं एखादं जुनं पुस्तक उघडते. वाक्य आखूड करायचं म्हणजे क्रियापद कुठे गाळायचं, ते लगेच दिसतं.

वर्तमानपत्रवाल्यांची आणखी एक सवय उचलली आहे, साठ्याची. सिंडिकेटला पट्ट्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागत. मीही आता काही आठवड्यांच्या पट्ट्या पुढे काढून ठेवते. उन्हाळ्यात गणपतीची पट्टी काढायला वेगळीच मजा येते, आणि दुसरं म्हणजे काढल्यावर काही दिवसांनी पट्टी परक्या डोळ्यांनी बघता येते. प्रसिद्ध व्हायच्या आत चौथ्या चौकटीतलं एखादं वाक्य बदलायला हा अवधी फार मोलाचा आहे. अकरा सांडग्यांचा आकडा असाच आला. आधी तिथे "सगळे खाल्ले" होतं.

ईराला मोठं करायचं का, हा प्रश्न अजून डोक्यात आहे. फ्रँक किंग यांच्या 'गॅसोलीन ॲली'त १९२१ मध्ये दारात सोडलेलं तान्हं बाळ, स्कीझिक्स, वाचकांबरोबर खरोखर वाढत गेलं. वॉटरसन यांचा कॅल्विन मात्र पट्टी चालली ती दहाही वर्षं सहा वर्षांचाच राहिला. रोजच्या चार चौकटींसाठी न वाढणारं पात्र सोयीचं, कारण वाचक कुठूनही शिरू शकतो. पण आजी आहे ना गच्चीवर. ईरा वाढली तर आजीचंही वय वाढणार, आणि ते काढायला मी अजून तयार नाही. तूर्तास ईरा चौथीतच राहील.

सध्या टेबलावर रविवारचं पहिलं रंगीत पान आहे. तीन ओळी, वरची सुटी करता येईल अशी, जुन्या पद्धतीने. पेन्सिल झाली आहे, शाई या आठवड्यात. पुढच्या नोंदीत लेटरिंगचे नमुने ठेवते: शिरोरेघेच्या तीन जाड्या आणि ओळींमधली तीन अंतरं, शेजारी शेजारी. निब न अडकता शाई धरणारा, खिशाला परवडणारा कागद कोणाला सापडला असेल तर जरूर कळवा. माझा सध्याचा कागद उकाराच्या वळणावर शाई पसरवतो.