चुकलेला सूर

"चुकलेला सूरही परत परत येणार का रे?" काकांनी भाच्याला थेट विचारलं.

ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर तो एकटाच गिटार घेऊन बसला होता. पायाने लूप पेडल, म्हणजे वाजवलेलं टिपून पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र, दाबायचं, वाजवलेला तुकडा फिरत ठेवायचा, वर दुसरा थर चढवायचा. एक सूर घसरला होता, तो दर फेरीत येत राहिला. त्याने पुसला नाही. त्याच्याच आजूबाजूला नवे सूर लावत गेला आणि हळूहळू ती सुंदर जागाच वाटू लागली!

१९७२मध्ये ब्रिटिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी दोन टेपरेकॉर्डरमधून एकच फीत फिरवून असंच केलं होतं.

काका आयुष्यभर ख्याल ऐकत आलेले. म्हणाले, "गाताना निसटला तो गेला. याला त्याच्यासोबत राहावं लागतं."

केवढं धाडस आहे हे! आपल्या ग्वाल्हेरात आणखी कुणी असं वाजवतं का?